स्वमग्न मुलासोबत सागरी उद्यानाची सहल: कधी, कोठे आणि कोणत्या तयारीने

सोलापुरातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा असून स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. तो मोजके शब्द बोलतो आणि पूर्वी फिट्स आल्यामुळे त्याचे औषध चालू आहे. माशांचे व्हिडिओ तो तासन्‌तास पाहतो, मात्र मिक्सर किंवा फटाके वाजले की कान झाकतो आणि पाणी दिसले की तिकडे धाव घेतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याची अकरा वर्षांची ताई आणि आजी-आजोबा यांच्यासह सर्वांनी अबू धाबीच्या सी-वर्ल्ड या सागरी उद्यानाला जावे, असा घरात विचार चालू आहे. एका नातेवाइकांनी ‘डॉल्फिन थेरपी’ने मूल बोलू लागते असेही सांगितले आहे. जावे का, कधी जावे आणि तयारी कशी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी सोलापुरात लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून बरीच वर्षे काम करते, आणि माझे मत आधीच सांगते. मुलाला अवश्य न्या, परंतु पहिलीच सहल अबू धाबीची ठेवू नका, मे महिना टाळा आणि ‘तिकीट दिवसभराचे आहे, तर ते पुरते वसूल करू’ हा विचार घरी ठेवून निघा. मासे पाहणे हा या सहलीतला सर्वांत सोपा भाग असतो. स्वमग्न मूल अडते ते तीन ठिकाणी: रांगेत थांबताना, ध्यानीमनी नसताना आवाज किंवा गर्दी अंगावर आली की, आणि आवडत्या जागेवरून निघण्याची वेळ आली की. या तिन्ही गोष्टींचा सराव सोलापुरातच, जवळजवळ फुकट करून घेता येतो. तो झालेला नसेल, तर उद्यान कितीही सुसज्ज असले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

डॉल्फिन थेरपीचा विषय प्रथम संपवते, कारण तिच्यावर खर्च मोठा होतो आणि आशा त्याहून मोठी बांधली जाते. डॉल्फिनच्या सहवासाने विशेष मुलांमध्ये प्रगती होते, ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात बेट्सी स्मिथ या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंच्या प्रयोगांतून पुढे आली आणि नंतर स्वतः त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली. लोरी मरिनो आणि स्कॉट लिलिएनफेल्ड या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये या विषयावरील अभ्यास तपासले. त्या अभ्यासांची मांडणीच इतकी सदोष होती की टिकाऊ सुधारणा होते असे त्यांवरून म्हणता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नवी जागा, कोमट पाणी, आईवडिलांचे दिवसभराचे लक्ष आणि रोजच्या थेरपीतून मिळालेली सुट्टी यांमुळे मूल काही दिवस प्रसन्न दिसते, आणि त्या प्रसन्नतेचे श्रेय डॉल्फिनला दिले जाते. शिवाय डॉल्फिन हा मोठा आणि ताकदवान प्राणी आहे. तो चावल्याच्या आणि त्याने माणसाला धक्का दिल्याच्या घटना घडलेल्या आहेत. भारतात तर मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डॉल्फिनेरियम, म्हणजे डॉल्फिन पाळून दाखवण्याचे तलाव, उभारण्यास परवानगी न देण्याचे धोरण जाहीर केले, त्यामुळे देशात कोणी अशी थेरपी देऊ करत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्षच करावे. त्या पैशांत वाचा-उपचार नियमित चालू ठेवा. अबू धाबीला जाल तेव्हा डॉल्फिन हौसेने पाहावेत, उपचाराच्या अपेक्षेने पाहू नयेत.

आता जागेविषयी. मोठ्या मत्स्यालयात शिरल्यावर मुलाच्या इंद्रियांवर नेमके काय येते, हे पालकांना सहसा आधी कळत नाही, कारण आपले लक्ष माशांकडे असते. आत अंधार असतो आणि निळा प्रकाश सतत हलत असतो. काच आणि काँक्रीट यांमुळे आवाज घुमतो, त्यामुळे शाळेच्या एका सहलीचा गोंगाट बाजारासारखा वाटतो. हवेत खाऱ्या पाण्याचा आणि ओलाव्याचा वास असतो. काचेच्या बोगद्यात डोक्यावरून शार्क जातो; एखाद्या मुलाला त्याचा अतिशय आनंद होतो, तर दुसरे मूल जमिनीवर बसकण मारते आणि मागे चार कुटुंबे अडकतात. प्राण्यांचे सादरीकरण ज्या प्रेक्षागृहात होते तेथे संगीत मोठे असते, निवेदकाचा आवाज अचानक सुरू होतो, टाळ्या एकदम पडतात आणि पुढच्या रांगांवर पाणी उडते. तुमच्या मुलाला पाणी आवडते, परंतु मिक्सरचा आवाज सहन होत नाही. याचा अर्थ मत्स्यालयाचा भाग त्याच्या सोयीचा आहे आणि सादरीकरणाचा भाग कठीण आहे. म्हणून पहिल्या भेटीत सादरीकरण वगळले तरी चालेल. पाहायचेच असेल तर सर्वांत शेवटी आत जावे, मागच्या रांगेत दाराजवळच्या टोकाला बसावे आणि पाचव्या मिनिटाला उठावे लागले तरी वाईट वाटून घेऊ नये.

सरावाची सुरुवात घरापासून करा. माशांचे व्हिडिओ पाहताना आवाज थोडा थोडा वाढवत नेण्याचा प्रयोग काही पालक करतात. मला तो आवडत नाही, कारण आवाजावरचा ताबा मुलाकडे राहत नाही. त्याऐवजी आवाज कमी करणारे इअरमफ घ्या आणि ते आवडीच्या व्हिडिओच्या वेळी दहा-पंधरा मिनिटे घालायला लावा, म्हणजे ते शिक्षा न वाटता माशांशी जोडले जातील. पुढची पायरी म्हणजे शोभेच्या माशांचे दुकान. दुकानदाराला आधी भेटून, दुपारी गिऱ्हाईक नसताना, दहा मिनिटांसाठी येऊ का असे विचारा. बहुतेक दुकानदार आनंदाने हो म्हणतात. तेथे ‘पाहायचे, काच वाजवायची नाही’ हा नियम शिकवा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे निघण्याचा सराव करा. निघण्याआधी पाच, तीन आणि एक अशी बोटे दाखवावीत, ‘आधी टाटा, मग रिक्षा’ असे दोन चित्रांचे कार्ड हातात द्यावे आणि तो रडला तरी ठरल्या वेळीच, शांतपणे निघावे. आज थोडे जास्त थांबू दिले तर उद्या निघणे अधिक कठीण जाते.

रांगेसाठी वेगळी युक्ती करावी लागत नाही. बँकेत, दवाखान्यात, एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीपाशी आपण रोज रांगेत उभे राहतोच. त्याला आधी दोन मिनिटे, मग पाच मिनिटे सोबत उभे करा आणि हातात वाळूचे घड्याळ किंवा मोबाईलवरचा रंगीत टायमर द्या, म्हणजे थांबणे कधी संपणार हे त्याला दिसते. गर्दी आणि पाळण्यांच्या गोंगाटासाठी आपल्याकडे जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या निमित्ताने होम मैदानावर भरणारा गड्डा आहे. यात्रेचे मुख्य दिवस टाळून, कामाच्या दिवशी दुपारी, ऊन थोडे कलल्यावर त्याला तेथे न्या. एक फेरी मारा, एकाच पाळण्यासाठी रांगेत उभे राहा आणि अर्ध्या तासात बाहेर या. गड्ड्यावर अर्धा तास निभावला तर मोठ्या मत्स्यालयात दीड तास निभावेल, असा माझा ढोबळ अंदाज असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. निभावला नाही, तर नेमके काय जड गेले ते लिहून ठेवा: भोंगा, धूळ, धक्काबुक्की की भूक. पुढची सगळी आखणी त्या नोंदीवर होते.

या सरावासोबत छोटी चित्रकथा तयार करा. अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सोशल स्टोरी’ची पद्धत मांडली आणि आज आपल्याकडच्या बहुतेक विशेष शाळांत ती वापरली जाते. आठ-दहा पाने पुरेत: आपण गाडीत बसणार, रांगेत उभे राहणार, अंधार असेल, निळा बोगदा असेल, वरून शार्क जाईल, काच पक्की आहे, मग खाऊ, मग हॉटेल. चित्रे इंटरनेटवरची कोठलीही घेऊ नका. ज्या मत्स्यालयात जाणार त्याच मत्स्यालयाचे दार, त्याच बोगद्याची छायाचित्रे घ्या. आपली मुले तपशील फार बारकाईने पाहतात आणि चित्रातले निळे दार प्रत्यक्षात हिरवे निघाले तर तेथेच अडतात.

पहिली खरी सहल चेन्नईची करा, असे मी सुचवते. तेथे ईस्ट कोस्ट रोडवर व्हीजीपी मरीन किंगडम हे २०१९ मध्ये सुरू झालेले मत्स्यालय आहे आणि त्यात पाण्याखालून चालत जाण्याचा काचेचा बोगदा आहे. सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावर असल्यामुळे गाडी न बदलता जाता येते. अंतर सुमारे ८०० किलोमीटर असल्याने प्रवास लांबतो, पण रेल्वेत मुलाला उठता-बसता येते, चालता येते आणि झोपता येते, हे विमानापेक्षा बरेच सोयीचे आहे. उत्तरेकडे जायचे असेल तर अहमदाबादच्या गुजरात सायन्स सिटीमध्ये जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली अ‍ॅक्वाटिक गॅलरी आहे. तिच्यातला बोगदा २८ मीटरचा आहे, म्हणजे बिचकणाऱ्या मुलासाठी बेताचा. चेन्नईसाठी जूनचा पहिला पंधरवडा निवडावा, कारण तमिळनाडूतल्या शाळा साधारणपणे जूनच्या सुरुवातीला उघडतात आणि आपल्या शाळा जूनच्या मध्याला. त्या मधल्या दिवसांत आपल्याला सुट्टी असते आणि तेथील स्थानिक गर्दी ओसरलेली असते. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस घ्या, दार उघडताच आत शिरा आणि दीड तासात बाहेर पडा. त्या दिवशी दुसरे काहीही पाहायचे ठरवू नका.

रेल्वेच्या सवलतीचा फायदा फार कमी पालक घेतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या व्यक्तीला स्लीपर आणि थ्री-टायर एसीच्या भाड्यात ७५ टक्के, तर टू-टायर आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सवलत असते आणि सोबतच्या एका व्यक्तीलाही तेवढीच मिळते. राजधानी आणि शताब्दीसारख्या गाड्यांना मात्र वेगळा नियम आहे. सवलतीसाठी सरकारी डॉक्टरांचे रेल्वेच्या नमुन्यातील प्रमाणपत्र आणि रेल्वेचे ओळखपत्र लागते. केवळ स्वमग्नतेचा उल्लेख असलेला दाखला या सवलतीला पुरत नाही, म्हणून मुलाच्या दाखल्यावर बौद्धिक अक्षमतेची नोंद आहे का ते पाहा. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढले नसेल तर तेही सिव्हिल हॉस्पिटलमधून याच वेळी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असलेल्या २१ प्रकारच्या अक्षमता मान्य आहेत, आणि हे कार्ड खिशात असले की प्रवेशद्वारावर मुलाची कर्मकहाणी सांगत बसावे लागत नाही.

चेन्नई नीट पार पडली तर अबू धाबीचा विचार दिवाळीच्या सुट्टीत करा. मे महिन्यात तेथे उन्हाचा पारा चाळिशीला टेकतो, आणि सोलापूरकरांना उन्हाची सवय असली तरी समुद्रकाठचा दमट उकाडा निराळा असतो. नोव्हेंबरात मात्र हवा सुसह्य होते. यास बेटावरील हे सी-वर्ल्ड मे २०२३ मध्ये सुरू झाले. त्याचा बहुतेक भाग बंदिस्त आणि वातानुकूलित आहे, आणि अमेरिकेतील जुन्या सी-वर्ल्डमध्ये असतात तसे ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, तेथे नाहीत. त्याला ‘सर्टिफाइड ऑटिझम सेंटर’ हे प्रमाणपत्र मिळालेले आहे. या प्रमाणपत्रासाठी पाहुण्यांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी किमान ८० टक्के कर्मचाऱ्यांचे स्वमग्नतेविषयी प्रशिक्षण व्हावे लागते. प्रमाणपत्र देणारी संस्था प्रत्येक विभागासाठी संवेदनांचा तक्ताही तयार करते: स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृष्टी यांना १ ते १० असे गुण दिलेले असतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत आवाजाचे गुण पाहून यादी निम्म्यावर आणा. मात्र प्रशिक्षित कर्मचारी असले तरी गर्दी कमी होत नाही. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुट्टी आहे, म्हणून तेथेही मधलाच वार घ्या आणि ईदच्या सुट्ट्या टाळा. त्या देशात दिव्यांगांना ‘पीपल ऑफ डिटर्मिनेशन’ म्हणतात. ईमेल लिहिताना हाच शब्द वापरा आणि तिकीट काढण्यापूर्वीच सवलत, रांगेतली सोय, शांत खोली आणि बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची मुभा, या चार गोष्टी लेखी विचारून घ्या.

फिट्सच्या औषधाविषयी मला सविस्तर लिहायलाच हवे. आपल्याकडे मुलांना दिली जाणारी क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, मिथाइलफेनिडेट, तसेच फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा, ही औषधे अनेक देशांत नियंत्रित गटात येतात. अमिरातीत अशी औषधे नेण्यापूर्वी तेथील सरकारची परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. सिंगापूरला जायचे ठरवलेत तर तेथील हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीकडे काही आठवडे आधी अर्ज करावा. डॉक्टरांकडून इंग्रजी पत्र घ्या, त्यात ब्रँडचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि निदान लिहिलेले असावे. औषध मूळ वेष्टनात आणि हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत कधीही नको. अबू धाबीचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते; सोलापुरात रात्री आठला दिली जाणारी गोळी तेथे साडेसहाला द्यावी लागेल, आणि ती वेळ नेमकी उद्यानातून परतण्याची असते, म्हणून मोबाईलवर गजर लावून ठेवा. फिट येण्याचे मोठे निमित्त म्हणजे अपुरी झोप. मुंबईहून रात्री सुटणारी विमाने स्वस्त पडतात खरी, परंतु फिट्स असलेल्या मुलासाठी ती बचत मला पटत नाही. दिवसाचे विमान घ्या आणि पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस हॉटेलात काढा. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणारी मुले थोडी असतात, परंतु तुमच्या मुलाच्या ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या, अहवालात तशी नोंद आहे का हे न्यूरॉलॉजिस्टना विचारून घ्या, कारण काही विभागांत झगमगत्या दिव्यांचा वापर असतो. फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा आणि पाच मिनिटांच्या पुढे गेली तर डॉक्टरांनी दिलेले तातडीचे औषध देऊन रुग्णवाहिका बोलवा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपाय आजोबा सुचवतील. त्यांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगा, तेथे वाद नको.

विमानप्रवासाविषयी एक गोष्ट माहीत असू द्या. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका विमान कंपनीने विशेष गरजा असलेल्या मुलाला विमानात बसू दिले नाही. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला पाच लाख रुपये दंड केला आणि त्याच वर्षी नियम बदलले. प्रवासात प्रकृती बिघडेल अशी शंका आली तर विमानतळावरील डॉक्टरांचे लेखी मत घेतल्याशिवाय कंपनीला अक्षमतेच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. तिकीट काढतानाच मुलाच्या अवस्थेची नोंद करा. अनेक मोठ्या विमानतळांवर सूर्यफुलाचे चित्र असलेली हिरवी फीत मिळते. ती गळ्यात घातली की न दिसणारी अक्षमता कर्मचाऱ्यांच्या ध्यानात येते.

पाण्याकडे धाव घेण्याची सवय मला आवाजापेक्षाही जास्त काळजीची वाटते. स्वमग्न मुले नजर चुकवून निघून जातात तेव्हा होणाऱ्या मृत्यूंमध्ये बुडणे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्यातही उथळ पाणी आईवडिलांना फसवते. सागरी उद्यानात स्पर्शकुंड, म्हणजे जलचरांना हात लावून पाहण्याची उथळ कुंडे, असतात, कारंजी असतात आणि हॉटेलात पोहण्याचा तलाव असतो. खोली घेताना तलावाच्या बाजूची, तळमजल्यावरची घेऊ नका. पाण्याजवळ असताना एक मोठी व्यक्ती त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असली पाहिजे, आणि ती व्यक्ती कोण हे शब्दांत सांगून ठरवावे: ‘आता तुम्ही पाहा, मी पाणी घेऊन येते.’ सगळेच पाहत आहेत असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात कोणीच पाहत नसते, हा माझा जुना अनुभव आहे. मनगटावर फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा, भडक रंगाचा शर्ट घाला आणि त्या सकाळीच त्याचा एक फोटो काढून ठेवा. पोहण्याचे प्रशिक्षण आजच सुरू करणे उत्तम. फिट्स असल्याने प्रशिक्षकाला त्याची पूर्ण कल्पना द्या आणि तुम्ही काठावर बसून राहू नका, पाण्यात उतरा. पोहण्याचा नायलॉनचा पोशाख अंगाला टोचतो म्हणून अनेक मुले तो फाडून काढतात, तेव्हा तो घरी न्हाणीघरात घालून ओला करण्याचा सराव करावा.

मेल्टडाऊन झाला, म्हणजे सगळे असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला, तर बोलणे कमी करा. त्या क्षणी समजावणे, आमिष दाखवणे आणि दटावणे हे तिन्ही त्याच्या दृष्टीने आणखी आवाजच असतो. प्रवेशद्वाराशी मिळालेल्या नकाशावर शांत जागा आणि जवळचे बाहेरचे दार यांवर आधीच खूण करून ठेवा. तेथे न्या, इअरमफ घाला, त्याला आवडत असेल तर पाठीवर घट्ट दाब द्या आणि वाट पाहा. तो हट्ट नसून सहनशक्ती संपल्याची खूण आहे, त्यामुळे शांत झाल्यावर ‘आता चल, राहिलेले पाहू’ असे म्हणू नका. त्या दिवसाचे उद्यान संपले. चालताना बसकण मारण्याची सवय असेल तर उद्यानात भाड्याने मिळणारी ढकलगाडी सुरुवातीपासूनच घ्या. आठ वर्षांच्या मुलाला गाडीत बसवले म्हणून कोणी पाहील याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

ताईचा विचार स्वतंत्रपणे करा. अशा घरांतली मोठी भावंडे लवकर समंजस होतात आणि त्यांचा समंजसपणा आपण गृहीत धरतो. अबू धाबीत तिला दोनपैकी एका पालकासोबत अर्धा दिवस तिच्या मनाप्रमाणे मिळाला पाहिजे. सादरीकरणे, वेगवान पाळणे, दुकान, तिला हवे ते. भावाला सांभाळण्याचे काम तिच्याकडे त्या दिवशी नको. आजी-आजोबांना चेन्नईला न्या, अबू धाबीला पहिल्या खेपेस नेऊ नका, असे मी स्पष्टच सांगते. वृद्ध माणसांचा थकवा आणि मुलाचा थकवा एकाच वेळी येतो आणि तुम्ही दोघेच उरता.

खाण्याच्या बाबतीत ही मुले ठरावीक चार पदार्थांवर जगतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी प्रवासात टिकते, ही आपली मोठी सोय आहे. उद्यानात बाहेरचे पदार्थ सहसा नेऊ देत नाहीत, परंतु आहाराच्या मर्यादेविषयी डॉक्टरांचे पत्र दाखवल्यास बहुधा सूट मिळते. घरचे मसाले नेताना त्यांत खसखस नाही ना ते पाहा. अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे आणि ती नियमावली तेथे कडकपणे पाळली जाते.

इतर पालकही हे वाचतील म्हणून थोडक्यात लिहिते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला झटके देणाऱ्या पाळण्यांत बसवण्यापूर्वी हृदय आणि मानेच्या वरच्या मणक्यांविषयी डॉक्टरांचे मत घ्यावे, कारण काही मुलांत ते मणके सैल असतात आणि तक्रार काहीच नसते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र, असलेल्या मुलाचा बाहेरचा प्रोसेसर पाण्यात आणि प्लास्टिकच्या घसरगुंडीवर जाण्याआधी काढून ठेवावा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांनी स्पर्शकुंडात हात घालू नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मोठ्या मुलाचे कपडे बदलण्यासाठी घडीची चटई सोबत असावी, कारण लहान बाळांसाठीचा ओटा त्याला पुरत नाही.

कामांचा क्रम असा ठेवा. या महिन्यात युडीआयडी, रेल्वेचे ओळखपत्र आणि मुलाचा पासपोर्ट यांचे अर्ज करा. जानेवारीत गड्डा, जूनमध्ये चेन्नई. चेन्नईहून परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत मला किंवा तुमच्या थेरपिस्टना भेटून नोंदी दाखवा, आणि अबू धाबीचा निर्णय तेव्हाच घ्या. तो होकारार्थी झाला तर आधी औषधांची परवानगी, मग उद्यानाचे लेखी उत्तर, मग तारीख बदलता येईल असे विमानाचे तिकीट आणि सर्वांत शेवटी उद्यानाचे तिकीट काढा. ट्रॅव्हल एजंट हा क्रम उलटा सुचवतील. त्यांना औषधांची यादी दाखवा.